सकाळी खुराड्यातून उठलीच नाही: अंड्यावरच्या कोंबडीचे पाय अचानक लुळे पडले तर

तुम्ही लिहिलंय ते आधी थोडक्यात मांडतो. दहा महिन्यांची गिरिराज कोंबडी, चार महिन्यांपासून जवळजवळ रोज अंडं देणारी. संध्याकाळी नीट फिरत होती. सकाळी खुराडं उघडल्यावर बाकीच्या पाच बाहेर पडल्या आणि ही कोपऱ्यात बसून राहिली. उभी केली की दोन्ही पाय फाकतात आणि ती खाली बसते. डोळे टवटवीत आहेत, चोचीपुढे धरलं की खाते. खाणं म्हणजे तांदळाची कणी, उरलेला भात-भाकरी आणि कधीतरी दुकानातला पिल्लांचा स्टार्टर. मागच्या आठवड्यात दोन अंडी पातळ कवचाची निघाली. शेजारी म्हणतात लकवा आहे, कापून टाका. दुकानदार म्हणतो अँटिबायोटिक पाण्यातून द्या. काय करावं, असा तुमचा प्रश्न आहे.

दोन्ही सल्ले तूर्त बाजूला ठेवा. ‘लकवा’ हे रोगाचं नाव नाही, ते फक्त दिसणारं लक्षण आहे. कोंबडीचा पाय लुळा पडण्याची डझनभर कारणं आहेत. त्यातली काही दोन दिवसांत बरी होतात, काही कधीच होत नाहीत, आणि एक-दोन अशी आहेत की उरलेल्या पाचही जातील. कोणतं कारण हे ठरवायला सगळ्यात जास्त उपयोगी पडतं ते वय, आणि ती अंड्यावर आहे की नाही. दोन आठवड्यांचं पिल्लू, चार महिन्यांची तलंग आणि भर अंड्यावरची कोंबडी, तिघींचे पाय गेले तरी तिघींची कारणं बहुधा वेगळीच असतात.

तुमच्या वर्णनावरून मला पहिला संशय कॅल्शियमच्या तुटीचा येतो. का, ते सांगतो. एका अंड्याच्या कवचात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम असतं. कवच तयार व्हायला वीसेक तास लागतात आणि त्यातलं बरंचसं काम रात्री चालतं, म्हणजे नेमकं पोटात नवं खाणं येत नाही तेव्हा. दिवसभर खाल्लेल्या कॅल्शियमवर ते भागलं नाही, तर कोंबडी स्वतःच्या हाडांतून काढते. हे रोज व्हायला लागलं की हाडं पोकळ होतात आणि एका रात्री रक्तातलंच कॅल्शियम इतकं उतरतं की स्नायू साथ देत नाहीत. म्हणून ‘रात्री चांगली होती, सकाळी उठेना’ ही तक्रार अंड्यावरच्या कोंबडीत ऐकली की आधी खाणं विचारावं. तांदळाच्या कणीत कॅल्शियम नावापुरतं असतं. स्टार्टरमध्ये सुमारे एक टक्का, आणि अंड्यावरच्या कोंबडीला लागतं साडेतीन ते चार टक्के. पातळ कवचाची दोन अंडी ही त्या कोंबडीनं दिलेली सूचनाच होती. गंमत म्हणजे यात सगळ्यात आधी सापडते ती कळपातली सगळ्यात चांगली अंडी देणारी. आळशी कोंबडीला हा त्रास होत नाही.

पण संशय म्हणजे निदान नाही. औषधाला हात लावण्याआधी दहा मिनिटं तिची तपासणी करा. धरताना छाती किंवा पाठ दाबू नका. कॅल्शियम खूपच गेलं असेल तर हाडं खडूसारखी ठिसूळ झालेली असतात, आणि घाईत पकडताना मणका किंवा मांडीचं हाड मोडलं की पुढचं सगळं व्यर्थ. दोन्ही पंख अंगाशी घेऊन, खालून तळहाताचा आधार देऊन मांडीवर घ्या.

आधी बसण्याची ढब पाहा. दोन्ही पाय सारखेच ढिले आहेत, की एक पुढे आणि एक मागे असा ताणलेला? एक पुढे, एक मागे ही मरेक्स या विषाणूच्या रोगाची ओळखीची खूण आहे. मग बोटांच्या मधल्या कातडीला हलका चिमटा घ्या. पाय ओढून घेतला तर मज्जातंतू काम करतोय, ही चांगली गोष्ट. तळव्याखाली तुमचं बोट ठेवा. फांदी धरावी तशी ती बोटं आवळते का पाहा, आणि दोन्ही पायांची पकड ताडून बघा. तळव्यावर काळी खपली आणि गरम सूज असेल तर तो तळव्याचा गळू. घोटा सुजलेला, हाताला ऊन लागणारा असेल तर सांध्याचा संसर्ग. एकच पाय लुळा आणि त्यावर निळसर-हिरवा डाग असेल तर मार. कोंबडीच्या कातडीवर मुका मार एक-दोन दिवसांत हिरवा दिसतो, त्याला गँगरीन समजून घाबरू नका. बाजारातून पाय सुतळीनं बांधून, उलटी लटकवून आणलेली कोंबडी असेल तर पायाच्या नळीवर करकोचा पडलाय का तेही बघा. पायात केस किंवा मांजाचा दोरा गुंतलेला असतो आणि पिसांमुळे दिसत नाही, असंही पुष्कळदा होतं.

आता पोट. शेपटीखाली, दोन कटिहाडांच्या मध्ये बोटांनी हळू चाचपा. लिंबाएवढी घट्ट गोलसर वस्तू लागली तर अंडं अडकलंय. अशी कोंबडी शेपूट खाली-वर करते, कुंथते, कधी पेंग्विनसारखी ताठ उभी राहते. अडकलेलं अंडं पायाकडे जाणाऱ्या नसांवर दाबतं म्हणून पाय जातात. यातही मूळ कारण बऱ्याचदा कॅल्शियमच असतं, कारण अंडं ढकलणारा स्नायूही त्याच्याशिवाय आकुंचन पावत नाही. उपाय: मनगटाला सोसेल इतक्या कोमट पाण्यात पोटापर्यंत पंधरा-वीस मिनिटं बसवा, पिसं कोरडी करा, द्वाराच्या आत तेलाचं बोट फिरवा, कॅल्शियम द्या आणि अंधाऱ्या, उबदार जागी एकटी सोडा. दोन-तीन तासांनी पुन्हा एकदा करायला हरकत नाही. पोट दाबून अंडं बाहेर काढायला जाऊ नका. आत फुटलं तर कवचाच्या कडांनी जखमा होतात आणि पोटात संसर्ग होतो. चोवीस तासांत सुटलं नाही तर डॉक्टर.

शेवटी मान, डोळे, शीट आणि पंखांखालचा भाग. मान पीळ खाल्ल्यासारखी वळते, शीट हिरवट-पांढरी पातळ, नाकातून घरघर, आणि कळपात दुसरीही मलूल दिसते, असं असेल तर तो राणीखेत, झपाट्यानं पसरणारा विषाणूचा रोग, ज्याला गावाकडे मानमोडी म्हणतात. मान वळत नाही, उलट ओल्या फडक्यासारखी जमिनीवर पडते, पापण्या मिटतात आणि पिसं ओढली की सहज हातात येतात, तर कुजलेलं काहीतरी खाऊन झालेली विषबाधा, बोट्युलिझम. उकिरड्यावर मेलेली घूस किंवा तिच्यातल्या अळ्या खाल्ल्या की हे होतं. लुळेपणा पायांपासून सुरू होऊन वर चढतो. कडेच्या शेतात फोरेटसारखे कीटकनाशकाचे दाणे टाकले असतील किंवा औषध लावलेलं बियाणं सांडलं असेल तर त्यानंही पाय जातात, पण तिथे तोंडाला लाळ येते, अंग थरथरतं आणि सगळं काही तासांत घडतं.

पंखांखाली का बघायचं? कोंबड्यांच्या गोचिडीसाठी. तिची बारीक पिल्लं पंखाखाली, मांडीच्या आत काळपट ठिपक्यांसारखी चिकटून आठवडाभर रक्त पितात, आणि त्यांच्या लाळेनंही पाय लुळे पडतात. मोठी गोचीड दिवसा अंगावर नसते. भिंतीच्या भेगांत, बांबूच्या सांध्यांत, खिळ्याच्या भोकात लपते आणि रात्री बाहेर येते, म्हणून दिवसा पाहणाऱ्याला खुराडं साफ वाटतं. रात्री दहा-अकरानंतर टॉर्च घेऊन फटी बघा. न खाता ती वर्षभराहून जास्त जगते, तेव्हा रिकामं ठेवलेलं जुनं खुराडंही सुरक्षित नसतं. ठिपके सापडले तर चिमट्यानं काढा, कोंबड्या दुसरीकडे हलवा, फटी सिमेंटनं किंवा शेणमातीनं बुजवून चुना मारा. बऱ्याच कोंबड्या गोचीड निघाल्यावर एक-दोन दिवसांत पायावर येतात.

हे सगळं बघून काहीच सापडलं नाही, बोटं थोडी तरी आवळतेय, शुद्ध नीट आहे, खातेय, तर कॅल्शियमच्या अंदाजावर पुढे जा. औषधाच्या दुकानात ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम अधिक ड-३ जीवनसत्त्व अशी माणसांची साधी गोळी मिळते. दोन किलोच्या कोंबडीला अर्धी गोळी सकाळी, अर्धी संध्याकाळी. बारीक करून भिजवलेल्या भाकरीच्या गोळीत घाला. असं चार दिवस. एका अंड्यालाच दोन ग्रॅम जातं हे लक्षात घेतलंत तर हे प्रमाण जास्त नाही, उलट फक्त सुरुवात करून देण्यापुरतं आहे. खरी भरपाई रोजच्या खाण्यातूनच व्हायला हवी. मात्र ही गोळी अंड्यावरच्या कोंबडीसाठी. कोंबडा, पिल्लं आणि अजून अंड्यावर न आलेली तलंग यांना देऊ नका, जादा कॅल्शियम त्यांची मूत्रपिंडं बिघडवतं. सोबत बी-कॉम्प्लेक्सची अर्धी गोळी दिवसातून एकदा दिली तरी चालेल, नुकसान नाही. कॅल्शियमचं इंजेक्शन जास्त लवकर काम करतं, पण ते पशुवैद्यकानंच द्यायचं. शिरेत भरभर गेलं तर हृदय थांबतं.

चोच उघडून पाणी ओतण्याची सवय बऱ्याच घरांत आहे, ती सोडा. कोंबडीच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या बुडाशीच असतं. ओतलेलं पाणी सरळ फुप्फुसात जातं आणि पायांसाठी आणलेली कोंबडी न्यूमोनियानं मरते. चोचीचं टोक पाण्यात बुडवा, ती आपण पिते. पीतच नसेल तर ड्रॉपरनं चोचीच्या कडेला एकेक थेंब लावा आणि ती गिळेपर्यंत थांबा.

चुन्याच्या निवळीबद्दल कोणीतरी सुचवेलच. हिशोब करून बघा. निवळीत विरघळलेलं कॅल्शियम लिटरला एक ग्रॅमच्याही आत असतं. कोंबडी दिवसाला पाव लिटर प्यायली तरी मिळालं दोन दशांश ग्रॅम, आणि त्या चवीमुळे ती पाणीच कमी पिते. खायचा चुना थेट चोचीत घालणं तर नकोच, घसा आणि अन्नपिशवी भाजते.

आता शुश्रूषा. औषधाइतकंच, कधी जास्त, यावर अवलंबून असतं. दीड फूट लांब-रुंद खोकं घ्या, तळाला दोन-अडीच इंच भाताचं तूस आणि वर गोणपाट. वर्तमानपत्र नको, त्यावर पाय घसरतात आणि आहे तो जोरही जातो. खोकं बाकीच्या कोंबड्यांच्या नजरेसमोर पण त्यांच्या आवाक्याबाहेर ठेवा. पडलेल्या कोंबडीला कळप टोचून मारतो, आणि अगदी एकटी ठेवली तर ती खाणं सोडते. पाण्याची वाटी उथळ आणि चोचीच्या उंचीला. खोल भांड्यात मान पडून बुडण्याची भीती असते. दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम ओलं केलेलं लेयर खाद्य, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांसाठीचं तयार खाद्य, थोडंथोडं करून द्या. झोपायच्या वेळी गळ्याच्या उजव्या बाजूला अन्नपिशवी भरलेली लागली पाहिजे आणि सकाळी रिकामी. सकाळीही भरलेली किंवा दगडासारखी लागली तर पचन थांबलंय, खाणं वाढवू नका.

दर तीन-चार तासांनी कूस बदला, नाहीतर छातीच्या हाडावर जखम होते. मागची पिसं शिटेनं लडबडली तर कोमट पाण्यानं धुऊन कोरडी करा. पावसाळ्यात हे चुकलं की माशा बसून दुसऱ्या दिवशी अळ्या. सकाळचं कोवळं ऊन अर्धा तास, नंतर सावली, आणि संध्याकाळी पाचनंतर खोक्यावर पोतं टाकून अंधार. उजेड कमी झाला की अंडी थांबतात, आणि तिला सध्या तेच हवंय. तेल-हळद चोळून पाय बरा होत नाही. गरम विटेचा शेक देऊन कातडी भाजलेली मात्र असते. तिसऱ्या दिवसापासून जुन्या कापडी पिशवीला पायांसाठी दोन भोकं आणि मागे एक भोक पाडून झोळी करा, ती अशी टांगा की पंजे जमिनीला जेमतेम टेकतील. वीस मिनिटं, दिवसातून तीन वेळा. पहिल्या दिवशी हे नको, तेव्हा तिला विश्रांती हवी.

अँटिबायोटिकला मी नको म्हणतो त्याचं कारण साधं आहे. कॅल्शियम, मार, गोचीड, मरेक्स, राणीखेत, विषबाधा यांतल्या एकावरही ते चालत नाही. सांध्याच्या किंवा तळव्याच्या संसर्गात चालतं, पण तुम्ही सांगितलेल्यात तसं काही दिसत नाही. शिवाय अंडी घरात खाता, औषध अंड्यात उतरतं. वेदनेसाठी डायक्लोफिनॅक तर अजिबात नाही. गिधाडं त्यानं मेली म्हणून २००६ सालीच जनावरांसाठी त्यावर बंदी आली.

किती दिवस वाट बघायची? कॅल्शियमचं कारण असेल तर बहुतेक वेळा बारा ते अठ्ठेचाळीस तासांत फरक दिसतो. आधी बोटांची पकड घट्ट होते, मग ती घोट्यांवर बसून सरकते, मग उभी राहते. तीन दिवसांत तसूभरही फरक नाही तर माझा अंदाज चुकला किंवा मणका दबलाय, असं धरा आणि तिला डॉक्टरकडे न्या. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कोंबडीही तपासतात, आणि फिरत्या पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे.

मरेक्सबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण दहा महिन्यांचं वय त्याच्या नेहमीच्या टप्प्याच्या थोडं पुढचं असलं तरी बाहेरचं नाही. हा विषाणू दीड महिना ते सात महिने या वयात जास्त सापडतो. मांडीतल्या मोठ्या नसेवर सूज येते, आधी एक पाय अडखळतो, मग दुसरा. भूक असते पण वजन उतरत जातं, छातीचं हाड सुरीच्या पात्यासारखं हाताला लागतं. कधी डोळ्याचं बुबुळ राखाडी होतं. यावर औषध नाही. लस आहे, पण ती अंड्यातून निघाल्या दिवशी उबवणी केंद्रातच टोचायची असते. मोठ्या कोंबडीला देऊन उपयोग नाही. पिसांच्या कोंड्यातून विषाणू पसरतो आणि खुराड्याच्या धुळीत महिनोन्महिने टिकतो, म्हणजे तुमच्या बाकीच्या पाच जणींना लागण व्हायची तर आतापर्यंत झालेली आहे, आता वेगळी ठेवून त्यात फरक पडणार नाही. माणसाला हा होत नाही. पुढच्या वेळी पिल्लं घेताना ‘मरेक्सची लस झालीय का’ एवढं एक विचारा.

राणीखेतचं उलट आहे. तिथे वेगळं ठेवणं, चपला बदलणं, हात धुणं, सगळ्याला अर्थ आहे. लस कधी दिली होती ते आठवा. नेहमीचा क्रम असा: पहिल्या आठवड्यात डोळ्यात लासोटा लसीचा थेंब, चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा, आठव्या आठवड्यात पंखाखाली आर-टू-बी ही टोचायची लस. कळपात आजार दिसत असताना मात्र आर-टू-बी टोचू नका, आजारी पक्षी त्यानं खचतात. आणि एक-दोन दिवसांत अनेक कोंबड्या पटापट मेल्या, तुरे निळे पडले, नळ्यांवर लाल ठिपके दिसले, तर हात न लावता दवाखान्याला कळवा. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू निघाला तेव्हापासून ही कळवण्याची बाब आहे, लपवण्याची नाही.

ती मेलीच, किंवा दोन आठवड्यांनीही पायाची पकड शून्य, वजन उतरतंय, छातीला जखम, म्हणून तुम्ही डॉक्टरांकडून तिला शांतपणे संपवलंत, तर शवविच्छेदन करून घ्या. पाच जिवंत कोंबड्यांसाठी ती एक मेलेली सगळ्यात जास्त माहिती देते. फ्रीजरमध्ये ठेवू नका, गोठलं की आतले अवयव बिघडतात. दोन पिशव्यांत बांधून बर्फाच्या डब्यात, चोवीस तासांच्या आत पोचवा. पुण्याजवळ असाल तर औंधला पशुसंवर्धन विभागाची रोग अन्वेषण प्रयोगशाळा आहे, मुंबई, नागपूर, परभणी, शिरवळ, उदगीर इथे पशुवैद्यक महाविद्यालयं आहेत. कापून खायचा विचार सोडा. कारण माहीत नाही, औषधं पोटात आहेत. तीन फूट खड्डा, वर चुना, मग माती. उकिरड्यावर टाकलीत तर कुत्री ओढतील आणि उरलेल्या कोंबड्या अळ्या टिपतील, म्हणजे वर सांगितलेला बोट्युलिझम आयताच घरात.

उरलेल्या पाच जणींचं खाणं मात्र आजच बदला, या एकीच्या निकालाची वाट बघू नका. अंड्यावरच्या सगळ्यांना लेयर खाद्य, कणी-भात वरखर्चापुरता, एकूण खाण्याच्या दहाव्या हिश्शाच्या आत. गव्हाचा कोंडा भरपूर घालत असाल तर कमी करा, त्यातलं फॉस्फरस कॅल्शियमला अडवतं. वेगळ्या वाटीत शिंपल्यांचा चुरा कायम ठेवा. कोकणात तिसऱ्या-कालवांची टरफलं फुकट मिळतात: धुऊन, वाळवून, ज्वारीच्या दाण्याएवढी कुटा. पीठ करू नका, जाड तुकडा पोटात रात्रभर हळूहळू विरघळतो आणि गरज रात्रीच असते. खाद्यात मिसळू नका, जिला हवा ती आपणहून खाते. अंड्याची टरफलंही चालतात, पण भाजून, ओळखू न येतील इतकी कुटून, नाहीतर स्वतःची अंडी फोडून खायची खोड लागते.

ही उठली तरी आठवडाभर तिला उंच दांडीवर चढू देऊ नका आणि कोंबड्यापासून दूर ठेवा. हाडं भरायला पायांपेक्षा जास्त दिवस लागतात. आणि ती नंतर खुडूक बसली, अंड्यांवरून उठताना चार पावलं अडखळली, तर पुन्हा गोळ्या सुरू करू नका. ते बसून आखडलेले पाय असतात, दाण्याची वाटी वाजवली की सरळ होतात.